एका दिवसात माथेरान: काय बघायचं, काय सोडायचं आणि परतीची लोकल कशी गाठायची

माथेरानला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्यांचा दिवस साधारण दोन ठिकाणी वाया जातो. पहिलं ठिकाण दस्तुरी नाका, जिथे मोटारींचा रस्ता संपतो. पुढे कसं जायचं हे आधी ठरलेलं नसतं, त्यामुळे तिथे तासभर घोळ होतो. दुसरं म्हणजे ‘सगळे पॉइंट’ बघायचा हट्ट. माथेरानला तीसहून जास्त पॉइंट आहेत आणि ते पठाराच्या चारही कडांवर विखुरलेले आहेत. एका दिवसात ते कोणालाच होत नाहीत. त्यामुळे निघण्याआधी दोनच गोष्टी पक्क्या करायच्या: दस्तुरीहून बाजारात कसं जायचं आणि पठाराची कोणती बाजू बघायची. बाकीचं जागेवर जमून जातं.

आधी वेळेचा हिशेब मांडू. मुंबईहून पहाटे निघालात तर नऊच्या सुमारास दस्तुरीला पोचता आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत तिथे परत यायला हवं. म्हणजे हातात साडेआठ तास. दस्तुरी ते बाजार हे अंतर साधारण अडीच-तीन किलोमीटर, जाऊन-येऊन दीड तास. नाश्ता, जेवण आणि चहा यांत दीड तास जातो, कारण जेवणाच्या वेळी हॉटेलं भरलेली असतात. रांगा, वानरं, फोटो आणि वाट चुकणं यासाठी एक तास धरा. उरले साडेचार तास. लाल मातीच्या चढ-उतारांवर, थांबत-बघत चालणारा माणूस तासाला दोन किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणजे एकूण आठ-नऊ किलोमीटरचं फिरणं होतं. त्यात पठाराची एक बाजू नीट बसते, दुसऱ्या बाजूचे एक-दोन पॉइंट बसतात. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर एकच बाजू धरा.

नकाशा डोक्यात असा ठेवा. पठार उत्तर-दक्षिण लांबट आहे, उंची सुमारे ८०० मीटर. नेरळकडून येणारा गाडीरस्ता उत्तरेला दस्तुरी नाक्यावर संपतो. बाजार आणि माथेरान स्टेशन पठाराच्या मधल्या भागात आहेत. पश्चिमेच्या कड्यावर पॉर्क्युपाइन, लुईझा, हनिमून, एको हे पॉइंट येतात. समोर प्रबळगडाचं आडवं पठार दिसतं. पूर्वेच्या कड्यावर अलेक्झांडर आणि रामबाग. खाली उल्हास नदीचं खोरं आणि कर्जतची बाजू. दक्षिणेच्या टोकाला लिटल चौक, चौक पॉइंट आणि वन ट्री हिल. पॅनोरमा पॉइंट पार उत्तरेला, बाजारापासून पाचेक किलोमीटरवर. तो सूर्योदयासाठी प्रसिद्ध आहे, म्हणजे मुक्कामी असणाऱ्यांसाठी. दिवसाच्या सहलीत पॅनोरमा घेतला तर बाकी फारसं काही होत नाही, तेव्हा तो यादीतून सरळ काढून टाका.

कधी जायचं

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला. झाडी हिरवी असते, हवा स्वच्छ असते आणि धूळ अजून उडायला लागलेली नसते. फेब्रुवारीनंतर लाल धूळ वाढत जाते. एप्रिल-मेमध्ये झाडांखाली गारवा असतो, पण कड्यांवर दुपारी बारा ते तीन उभं राहवत नाही आणि खालचं खोरं धुरकट दिसतं.

पावसाळ्याबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. जुलै-ऑगस्टमध्ये ‘पॉइंट बघायला’ जाऊ नये. लुईझाच्या कठड्याशी उभं राहिलं तरी समोर फक्त पांढरं असतं. अर्धा तास थांबल्यावर दोन मिनिटं धुकं फाटलं तर नशीब. धुकं, ओली झाडी आणि ओथंबलेलं शार्लोट लेक बघायला जायचं असेल तर जरूर जा. छत्री मात्र घरी ठेवा. कड्यावरचा वारा ती उलटी करतो. गुडघ्याखाली जाणारा रेनकोट आणि बॅगेवर प्लास्टिकचं आवरण हे जास्त कामाचं. नेरळहून वर येणारी छोटी आगगाडी (टॉय ट्रेन) पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, बंद असते. अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) ते माथेरान ही तिची छोट्या पल्ल्याची फेरी, म्हणजे शटल, मात्र पावसातही चालवली जाते.

वार जमत असेल तर मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार. शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा या दिवसांत दस्तुरीच्या घाटातच गाड्यांची रांग लागते आणि वर मांडलेला सगळा हिशेब कोलमडतो. रविवारीच जायचं असेल तर पहिल्या लोकलपैकी एक पकडा.

नेरळपर्यंत

मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडायची. अंबरनाथ किंवा बदलापूरपर्यंतच जाणाऱ्या लोकलमध्ये चुकून बसू नका. इंडिकेटरवर ‘एस’ (कर्जत) किंवा ‘केपी’ (खोपोली) बघूनच चढा. क्रम बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ असा आहे. शेलू गेलं की दाराशी या. सीएसएमटीहून नेरळला पोचायला सुमारे दोन तास लागतात. सहाच्या आसपासची गाडी मिळाली तर साडेआठच्या आत तुम्ही टॅक्सीत असता. कल्याणच्या पुढे लोकल विरळ होतात, म्हणून एक चुकली की अर्ध्या-पाऊण तासाचा फटका बसतो. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा. संध्याकाळी नेरळच्या खिडकीवर सहलीला आलेले सगळे एकदमच उभे असतात.

पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला थांबणारी सकाळची गाडी पकडावी, कर्जतला उतरावं आणि मुंबईकडे जाणारी लोकल घ्यावी. भिवपुरी रोड हे एकच स्टेशन मध्ये, त्यानंतर नेरळ. कर्जतहून नेरळमार्गे दस्तुरीपर्यंत एसटीची मिनीबसही आहे. ती स्वस्त पडते, पण फेऱ्या मोजक्या असतात. समोर उभी दिसली तर बसा, तिच्या भरवशावर दिवस आखू नका.

नेरळ स्टेशनबाहेर डोंगराच्या बाजूला उतरलं की शेअर टॅक्सी लागलेल्या असतात. सीटप्रमाणे पैसे घेतात आणि गाडी भरली की निघतात. चार-पाच जण असाल तर पूर्ण गाडी केली तरी माणशी खर्च जवळपास तेवढाच येतो आणि थांबावं लागत नाही. दर फलकावर लिहिलेला असतो, बसण्याआधी तो बघा. घाट सात-आठ किलोमीटरचा, वीस ते तीस मिनिटांचा, पण चढ खडा आणि वळणं आवळ. गाडी लागत असेल तर पुढची सीट मागून घ्या आणि नाश्ता वर जाऊन करा.

स्वतःची गाडी न्यायची का? घाटात गाडी चालवायची सवय नसेल तर नेरळला लावून टॅक्सीने जा, हा सल्ला गंभीरपणे घ्या. तीव्र वळणावर समोरून टॅक्सी आली की नवखा चालक गाडी थांबवतो. मग चढावर परत उचलताना क्लच अर्धा दाबून रेस देत राहतो आणि क्लच प्लेट जळल्याचा वास यायला लागतो. असं झालंच तर हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, गाडी पुढे ओढतेय असं जाणवलं की मगच हँडब्रेक सोडा. चढताना एसी बंद ठेवला तर इंजिनवरचा ताण कमी होतो. उतरताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच उतरा, ऑटोमॅटिक असेल तर खालच्या गिअरवर लावा. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात आणि नेमके खालच्या वळणांवर लागेनासे होतात. वरचं पार्किंग सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर भरतं, त्यानंतर गाड्या घाटातच अडकून पडतात.

आणि ती छोटी गाडी?

नेरळ–माथेरान गाडी १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यांनी ती बांधून घेतली. दोन रुळांमधलं अंतर दोन फूट, साधारण एकवीस किलोमीटरची लांबी, काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट असा चढ. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्टेशनं. अख्ख्या मार्गावर बोगदा एकच, तोही इतका आखूड की त्याचं नाव ‘वन किस टनेल’ पडलं. जुलै २००५ च्या पुरात मार्ग वाहून गेला, २०१६ मध्ये डबे घसरल्यामुळे सेवा थांबली, २०१९ च्या पावसाने पुन्हा मोडतोड केली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळहून गाडी परत सुरू झाली.

प्रवास देखणा आहे यात वाद नाही. पण वर पोचायला अडीच तासांहून जास्त लागतात. टॅक्सी आणि पायी मिळून तेच अंतर सव्वा तासात कापता येतं. गाड्या दिवसाला मोजक्या असतात, डबे छोटे असतात आणि तिकिटासाठी खिडकीवर बरंच आधी उभं राहावं लागतं. इतकं करून तिकीट मिळेलच असं नाही. त्यामुळे दिवसाच्या सहलीत नेरळहून गाडीने चढणं म्हणजे पॉइंटांवर पाणी सोडणं. मुलांना गाडीतच बसायचं असेल, सहल गाडीसाठीच असेल, तर मनापासून तेच करा आणि वर फक्त बाजार आणि एखादा जवळचा पॉइंट ठेवा. दोन्ही हवं असेल तर अमन लॉज–माथेरान शटल घ्या. वीसेक मिनिटांत तीच गाडी, तीच झाडी, तोच कर्णा. वेळापत्रक मोसमाप्रमाणे बदलतं, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मध्य रेल्वेचं ताजं वेळापत्रक बघून घ्या.

दस्तुरी नाका: इथे डोकं थंड ठेवा

गाड्यांची हद्द इथे संपते. माथेरानात मोटारींना पूर्वीपासून बंदी आहे आणि २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केल्यावर ती आणखी पक्की झाली. रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी सोडली तर पुढे पाय, घोडा, शटल किंवा ई-रिक्षा.

टॅक्सीचं दार उघडण्याआधीच काचेजवळ माणसं येतात. संवाद ठरलेला असतो: ‘शटल आज बंद आहे’, ‘बाजार दोन तास लांब आहे’, ‘चिखल आहे, बूट खराब होतील’, ‘चार पॉइंटचं पॅकेज घ्या’. यातलं एखादं वाक्य एखाद्या दिवशी खरं असतंही, पण खात्री खिडकीवरच करायची. पर्यटकांच्या या दिशाभुलीला कंटाळून मार्च २०२५ मध्ये खुद्द माथेरानकरांनी गाव बंद ठेवलं होतं, यावरून प्रकार किती वाढला होता ते कळेल. घोडेवाल्यांचा हा पिढीजात धंदा आहे आणि त्यातले पुष्कळ जण सरळ व्यवहाराचे असतात. पण भाव ठरवायची जागा दस्तुरी नव्हे. तिथे नवखं गिऱ्हाईक गोंधळलेलं असतं आणि ते समोरच्याला दिसतं.

तर क्रम असा ठेवा. उतरा, बॅगा पाठीवर घ्या, कोणाशीही बोलणी न करता सरळ प्रवेशाच्या खिडकीकडे चाला. नगरपालिकेचा माणशी प्रवासी कर भरा, पावती खिशात ठेवा. मग काही मिनिटं चालून अमन लॉज स्टेशनवर जा आणि शटलची पुढची वेळ आणि रांग बघा. गाडी वीस मिनिटांत असेल आणि रांग छोटी असेल तर तिकीट काढा. नसेल तर चालायला लागा. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत तुम्ही बाजारात असता, वाट सावलीची आहे आणि चढ सौम्य आहे. शटलसाठी तासभर थांबलेला माणूस आणि चालत निघालेला माणूस यांच्यात चालणारा आधी पोचतो. रूळ वाटेच्या सोबतीनेच जातात, लोक सर्रास त्यांवरून चालतात. तसं करू नका, वळणाआडून येणारी गाडी झाडीमुळे उशिरा दिसते.

ई-रिक्षा डिसेंबर २०२२ पासून प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. त्यांची संख्या मर्यादित आहे आणि शाळकरी मुलं व स्थानिकांनाही त्यांचीच गरज असते. गुडघे दुखत असतील, सोबत आजी-आजोबा असतील तर रांगेत उभं राहायला हरकत नाही. धडधाकट चौघांनी ती अडवू नये. माणसाने ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. कोणी तशी रिक्षा देऊ केली तरी बसू नका.

घोडा घ्यायचाच असेल तर चार गोष्टी आधी बोलून घ्या: कोणते पॉइंट, नावानिशी, एकूण किती तास, पैसे एका घोड्याचे की सगळ्यांचे, आणि परत कुठे सोडणार, बाजारात की दस्तुरीला. ‘सात पॉइंट’ या पॅकेजमधले तीन पॉइंट एकमेकांपासून शंभर पावलांवर असू शकतात. रिकिबीत पाय फक्त चवड्यापर्यंत घाला, टाच खाली दाबून ठेवा. पाय पूर्ण आत गेला आणि तोल गेला तर तो अडकतो. उतारावर मागे झुका, चढावर पुढे. लहान मुलाला एकट्याला बसवलं तर घोडेवाल्याने लगाम धरून चालतच यायला हवं, हे आधीच सांगा. घोडा दौडवायला नको म्हणून स्पष्ट सांगितलं नाही तर काही जण सपाटीवर तो पळवतात.

फिरण्याचा क्रम: आधी पश्चिम

बाजारात पोचल्यावर नाश्ता उरका, बाटल्या भरा आणि दहाच्या सुमारास पश्चिमेकडे निघा. याला कारण उन्हाचं आहे. सकाळी सूर्य पाठीमागे असतो, त्यामुळे समोरच्या प्रबळगडाच्या कड्यावर प्रकाश पडतो आणि एकेक घळ दिसते. दुपारी तीननंतर त्याच जागी सूर्य डोळ्यांत येतो आणि समोर नुसती निळसर सावली उरते. पूर्वेच्या अलेक्झांडर-रामबागचं बरोबर उलटं: सकाळी उन्हामुळे खोरं चमकून फिकं पडतं, दुपारनंतर नीट दिसतं.

बाजारातून आधी शार्लोट लेककडे चला, अर्ध्या तासाचं अंतर. वाटेवर फाट्यांना दगडी किंवा लोखंडी पाट्या आहेत. लेकशेजारी पिसारनाथाचं देऊळ आहे, हे माथेरानचं ग्रामदैवत. लेकमध्ये उतरू नका. हे गावाच्या पाण्याचं साठवण आहे, आणि काठ दिसतो तसा उथळ नाही; बुडण्याचे प्रकार झालेले आहेत. बांधाच्या पलीकडून लॉर्ड पॉइंटवर दहा मिनिटं थांबा. मग कड्याकडेने एको आणि हनिमून पॉइंट घेत लुईझाकडे जायचं. एकोला आरडाओरडा करणाऱ्यांची गर्दी असते. प्रतिध्वनी ऐकायचा असेल तर एकच आखूड शब्द, जोरात, आणि मग दोन-तीन सेकंद गप्प. लांबलचक आरोळी मारली की तिची शेपूट आणि परत आलेला आवाज एकमेकांत मिसळतात आणि काहीच ऐकू येत नाही.

लुईझाला वेळ द्या, या बाजूचा सगळ्यांत मोकळा देखावा इथे आहे. कठडा आहे तिथेच उभं राहा. माथेरानचा माथा जांभ्या दगडाचा आणि लाल मातीचा, खाली काळा कातळ. कडेला जांभा भुसभुशीत होऊन त्याचा बारीक खडा पडतो, मुगाच्या दाण्याएवढा, गोल आणि सुटा. कोरड्या दिवसांत उतारावर या खड्यावर पाय ठेवला की बुटाखाली गोट्या ठेवल्यासारखा तो सरकतो. उतरताना पाऊल आडवं टाका, गुडघे किंचित वाकवा, पावलं छोटी ठेवा आणि शक्य तिथे मुळांचा किंवा दगडाचा आधार घ्या. पावसाळ्यात हीच माती साबणासारखी होते. कठड्यापलीकडे जाऊन फोटो काढणाऱ्यांचं खाली बघताना भान जातं आणि पायाखाली हेच खडे असतात.

या फेरीला तीन तास लागतात. दीडच्या सुमारास बाजारात जेवायला परत या. रविवारी एक ते अडीचमध्ये थाळीच्या हॉटेलांत जागा मिळत नाही. म्हणून बारालाच जेवून घ्या किंवा तीनला, आणि मध्ये बॅगेतलं काहीतरी खा. उल्हास नदीचं पाणी उपसून इतक्या उंचीवर चढवावं लागतं. हॉटेलात पाणी जपून वापरायला सांगितलं तर कुरकुर करू नये.

दुपारी उरलेल्या वेळात अलेक्झांडर आणि रामबाग. बाजारापासून तिथे जाऊन परत यायला दीड-दोन तास. ही वाट दाट झाडीतली आहे, जांभूळ आणि अंजनीची झाडं, दुपारीही ऊन लागत नाही. मान वर करून चाललात आणि गप्पांचा आवाज कमी ठेवलात तर फांद्यांवर शेकरू दिसू शकतं, तांबूस अंगाची, लांब झुबकेदार शेपटीची मोठी खार. ती जमिनीवर क्वचितच येते.

ज्यांना चालायची सवय आहे त्यांच्यासाठी दुसरा पर्याय: पश्चिम सोडून द्या आणि अलेक्झांडर, रामबाग, लिटल चौक, चौक पॉइंट, वन ट्री हिल अशी दक्षिणेची फेरी करा, परतताना शार्लोट लेकवरून या. चार तास लागतात. या टोकाला गर्दी खूप कमी, पण पाण्याचे आणि खाण्याचे स्टॉलही कमी. चौक पॉइंटवरून इर्शाळगडाची बाजू आणि मोरबे धरण दिसतं. वन ट्री हिलजवळून खाली जाणारी ‘शिवाजी लॅडर’ ही गिर्यारोहकांची वाट आहे. कुतूहलापोटी थोडं खाली उतरून बघायची ती जागा नाही. उतरताना सोपी वाटते, चढताना खरी उंची कळते.

सूर्यास्त पॉर्क्युपाइन पॉइंटवरून बघायची सगळ्यांची इच्छा असते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातनंतर. तिथून दस्तुरीला पायी यायला तासाभराहून जास्त लागतं आणि जंगलात अंधार लवकर पडतो. म्हणजे डिसेंबरात दस्तुरीला साडेसात आणि नेरळला आठ. थंडीच्या दिवसांत हे जमू शकतं, अट एवढीच की प्रत्येकाकडे टॉर्च हवा आणि खाली जाण्याची टॅक्सी आधी ठरलेली हवी. उन्हाळ्यात दिवसाच्या सहलीतून सूर्यास्त वगळा.

वानरं, पैसे आणि बॅगेत काय

माथेरानची माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. हातात लोंबणारी पिशवी, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातली थंड पेयाची बाटली, मुलाच्या हातातला वेफर्सचा पुडा या तीन गोष्टी हमखास जातात. तांबड्या तोंडाची माकडं जास्त धीट असतात. ती मागून येऊन बॅगेची चेन उघडतात, आणि चेन उघडत नसेल तर कापड फाडतात. म्हणून खाणं एका बंद डब्यात, डबा बॅगेच्या तळाशी आणि वरून कपडे. कड्यावर बसून डबा उघडू नका. माकडाने काही धरलंच तर ओढाताण करू नका, सोडून द्या. चावा किंवा ओरखडा आला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पैसे रोख ठेवा, सुटे ठेवा. कर, टॅक्सी, लिंबूपाणी, घोडा सगळीकडे सुटे लागतात आणि कड्यांवर फोनला रेंज गेली की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. पाणी माणशी दीड लिटर, उन्हाळ्यात दोन. बूट जुने, पण तळव्याला खोल नक्षी असलेले. गुळगुळीत तळव्याचे फॅशनचे बूट आणि चपला नकोत. पांढरे मोजे, पांढरी पँट अजिबात नको. दम्याचा त्रास असेल तर इन्हेलर आणि मास्क जवळ ठेवा, कारण फेब्रुवारी ते मेमध्ये उडणाऱ्या धुळीत वाळलेली घोड्याची लीदही असते. डिसेंबर-जानेवारीत एक पातळ स्वेटर, बाकी महिन्यांत फक्त टोपी.

बाजारात चिक्की, मध आणि चामड्याच्या चपला मिळतात. चिक्की परतताना घ्या. सकाळी घेतली तर ती दिवसभर पाठीवर, आणि माकडांच्या नजरेत. तिथून जाताना हुतात्मा भाई कोतवाल यांचं नाव दिसलं तर क्षणभर थांबा. १९१२ साली याच गावात त्यांचा जन्म झाला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते हुतात्मा झाले.

परतीचा प्रवास

साडेचारला बाजार सोडायचा. शटलची वेळ जुळत असेल तर उत्तम. सकाळी चालत आला असाल तर गाडीत बसायची हौस आता भागवा, पाय दमलेले असतात आणि उतार असला तरी सकाळएवढा उत्साह नसतो. परतीचं शटल तिकीट मिळवायला मात्र रांग सकाळपेक्षा मोठी असते. म्हणून जेवण झाल्यावर, अलेक्झांडरला निघण्याआधी, स्टेशनवर डोकावून तिकीटखिडकी केव्हा उघडते ते विचारून ठेवा.

दस्तुरीला शेअर टॅक्सी अंधार पडेपर्यंत सहज मिळतात, नंतर सीटा भरायला वेळ लागतो आणि पूर्ण गाडी करावी लागते. रविवारी साडेपाच ते सात हीच सगळ्यांची परतायची वेळ असते. घाटात अर्धा तास जास्त धरा. नेरळला कर्जतहून येणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा बहुतेक मिळते. एक गाडी चुकली तर पळत सुटू नका, पुढची येते आणि तोवर स्टेशनबाहेर चहा मिळतो.

घरी पोचल्यावर बूट ओल्या फडक्याने लगेच पुसू नका. ओली झाली की लाल माती शिवणीत बसते आणि डाग निघत नाही. रात्रभर उघड्यावर वाळू द्या, सकाळी तळवे एकमेकांवर आपटा, कोरड्या ब्रशने झटका आणि मगच पाणी लावा. मोजे बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकलेत तर सगळ्या कपड्यांना गुलाबी छटा येते. ते आधी वेगळ्या बादलीत थंड पाण्यातून काढा, पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा.